मर्यादा आधी, आकडेमोड नंतर

गळीत हंगामात शेळगावच्या शिवारातल्या उसाला तोड झाल्यावर दोनदा थांबावं लागतं. आधी फडात, वाहन येईपर्यंत. मग कारखान्याच्या आवारात, काट्यावर नंबर लागेपर्यंत. तुटलेला ऊस वाळतो, त्यातली साखर उतरते, म्हणून महत्त्व दोन्ही थांब्यांच्या बेरजेला. समजा, प्रत्येक थांबा ० ते १२ तासांतला कितीही असू शकतो, सगळ्या वेळा सारख्याच शक्य आहेत आणि एका थांब्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. एकूण खोळंबा १८ तासांच्या आत राहण्याची संभाव्यता किती? पुस्तक सांगतं, दोन्ही घनता फलांचा गुणाकार करून संकलन करा. विद्यार्थी फडातली वेळ शून्यापासून एकूण वेळेपर्यंत धरतो. १२ तासांपर्यंत हे बरोबर आहे. पण एकूण १८ असताना फडातली वेळ शून्य धरली, तर आवारातली १८ होते, आणि ती १२ च्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे फडात किमान ६ तास गेलेच पाहिजेत. संकलन ६ ते १२ असंच हवं. हे न पाळता १८ पर्यंतची संभाव्यता काढली, तर ३२४ भागिले २८८, म्हणजे १.१२५ येते. संभाव्यता एकाहून मोठी नसते. आता कागदावर बारा बाय बाराचा चौरस काढा. आडवा फड, उभं आवार. बेरीज १८ असणारी तिरपी रेषा उजवीकडचा वरचा कोपरा कापते. त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ १८, चौरसाचं १४४. उरले १२६, म्हणजे सात अष्टमांश.

कुणी म्हणेल, सगळ्या वेळा सारख्या शक्य कुठे असतात? पाऊस झाला की फडात ट्रॉली रुतते आणि सगळंच वेळापत्रक कोलमडतं. आक्षेप खरा आहे. पण त्याने चौरसाच्या कुठल्या भागावर किती भार द्यायचा, ते बदलतं. थांबे १२ तासांतच असतील, तर मर्यादा त्याच राहतात. काही जोड्या अशक्यच ठरल्या, तर आकृतीच बदलेल, आणि मग ती काढणं अधिकच गरजेचं. दुसरा आक्षेप असा की हे काम संगणक करतो. घनता फल १२ च्या पुढे शून्य आहे असं लिहून दिलं, तर तो चुकणार नाही. पण ते ‘पुढे शून्य’ लिहिणं म्हणजेच मर्यादा ठरवणं. ही किरकोळ बाब नव्हे. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा करणाऱ्या वसंत हुजुरबाजार यांनी १९४८ साली ज्या महत्तम संभाव्यतेच्या अनुमानपद्धतीवर मूलभूत काम केलं, तिच्या नेहमीच्या सिद्धतेतही चलाचा पल्ला अज्ञात राशीवर अवलंबून नसावा, अशी अट आधीच घातलेली असते.

विद्यार्थी मित्रांनो, आज फडातला थांबा फार तर ६ तासांचा आणि आवारातला १२ चा धरून हेच गणित करा. चौरसाचा आयत होईल, आणि एकूण वेळ ६ ते १२ तासांच्या दरम्यान असताना फडातल्या वेळेच्या मर्यादा ० आणि ६ अशा स्थिर राहतील.