मोटारखान्यातील कर्मशाळा

नवे घर बांधून होते, वास्तुशांत पार पडते, पाहुणे जेवूनखाऊन आपापल्या गावी परततात, आणि मग घरधन्याच्या ध्यानात एक गोष्ट येते. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, देवघर, निजण्याच्या खोल्या या सर्वांचे प्रयोजन आधीच ठरलेले असते. परंतु अंगणाच्या कडेला लोखंडी शटर लावलेली जी एक लांबट खोली असते, जिला सर्वजण गॅरेज म्हणतात, तिचे काय व्हावयाचे हे कोणीच ठरविलेले नसते. जे कोणी ठरवीत नाही ते आपोआप ठरते. सामानाची रिकामी खोकी पहिल्या दिवशी तेथे जातात. पाठोपाठ बांधकामातून उरलेल्या फरशा, जुनी ट्रंक, मोडका पाळणा आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून जपलेली लाकडाची फळकुटे जातात. शटर खाली ओढले की दृष्टीआड सृष्टी! दोन महिन्यांत त्या जागेत मोटार तर राहोच, पण माणूसदेखील सरळ उभा राहू शकत नाही.

अशा वेळी घरातील एखाद्या व्यक्तीच्या मनात येते की, येथे कर्मशाळा करावी. बहुधा ही व्यक्ती नुकती निवृत्त झालेली असते. तीसपस्तीस वर्षे कागदावर सह्या केल्यानंतर एखादी वस्तू स्वतःच्या हातांनी घडवावी, अशी तिला ओढ लागलेली असते. कधी ती शाळकरी मुलगी असते, जिने घरातला बंद पडलेला पंखा उघडलेला असतो व जिला तो पुन्हा जोडावयास जागा हवी असते. घरातील मंडळी या विचाराला हसतात. पांढरपेशा कुटुंबात लेखणी आणि रंधा यांच्यात एक अदृश्य भिंत अजूनही उभी आहे. रंधा हाती धरणे म्हणजे सुताराचे पैसे वाचविण्याची युक्ती, एवढाच अर्थ तेथे लावला जातो. हात हेही बुद्धीचेच इंद्रिय आहे, याचा विसर पडल्याचे हे लक्षण होय.

लहान जागेतून काय होऊ शकते याची साक्ष एका गॅरेजनेच दिलेली आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, पालो आल्टो या गावी, एका घरामागे १२ फूट रुंद आणि १८ फूट लांब असे साधे लाकडी गॅरेज आहे. १९३८ साली बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुण इंजिनिअरांनी ते घर भाड्याने घेतले, आणि घेताना मुख्यतः त्या गॅरेजवर नजर ठेवली. एक जुने ड्रिल मशीन आणि ५३८ डॉलर एवढेच त्यांचे प्रारंभीचे भांडवल होते. तेथे त्यांनी ध्वनीच्या परीक्षणासाठी लागणारे एक विद्युत् उपकरण तयार केले. त्याच्या पेट्यांवरील रंग पॅकार्डच्या घरच्या ओव्हनमध्ये भाजून पक्का करीत. पुढे डिस्ने कंपनीने ‘फँटेशिया’ या चित्रपटाच्या कामासाठी तशी आठ उपकरणे विकत घेतली. कॅलिफोर्निया राज्याने त्या गॅरेजला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. इतके दूर जावयाचे नसेल, तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण पुरेसे आहे. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली खरी. पण तिचे मूळ बेळगावातील एका लहानशा सायकलच्या दुकानात होते. प्रत्येक गॅरेजमधून कंपनी निघावी असा याचा अर्थ नव्हे. जागा लहान आहे ही सबब खोटी आहे, एवढाच बोध यातून घ्यावयाचा.

मग अडचण कोठे असते? ती असते प्रकाशात आणि मांडणीत. बहुतेक गॅरेजांमध्ये छताच्या मधोमध एकच दिवा टांगलेला असतो. कामाचे बाक मात्र भिंतीला लागून असते. काम करणारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला की दिवा त्याच्या पाठीशी येतो आणि त्याची स्वतःचीच सावली नेमकी करवतीच्या पात्यावर पडते. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. चुकलेला काप, वाकडा ठोकलेला खिळा आणि सोललेले बोट यांचा दोष हाताला दिला जातो. वास्तविक अपराध दिव्याच्या जागेचा असतो.

उपाय अवघड नाही. दिवा बाकाच्या वर, किंचित पुढे आणि उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या अंगाला असावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. साधा बल्ब बाकापासून ७ फुटांवर असेल आणि तो साडेतीन फुटांवर आणला, तर त्याच विजेत बाकावर सुमारे चौपट उजेड पडतो. कारण अंतर निम्मे झाले की प्रकाशाची तीव्रता चौपट होते. सुतारकामाच्या बाकावर साधारण ३०० लक्स आणि यंत्रावर ५०० लक्स उजेड असावा, असा संकेत आहे. एक चौरस मीटर जागेवर एक ल्यूमेन प्रकाश पडला की तो एक लक्स. दहा फूट रुंद व अठरा फूट लांब गॅरेजचे क्षेत्रफळ सुमारे पावणेसतरा चौरस मीटर भरते. म्हणजे ३०० लक्ससाठी ५,००० ल्यूमेन प्रकाश कामाच्या पातळीवर पोचला पाहिजे. निम्मा प्रकाश भिंती, धूळ आणि कोपरे गिळतात असे धरले, तर १०,००० ल्यूमेनची तरतूद हवी. वीस वॅटची एलईडी नळी साधारण २,००० ल्यूमेन देते. तेव्हा अशा पाच नळ्या, दोन रांगांत विभागून, हे गणित पुरे होते.

या गणितात सर्वांत स्वस्त दिवा कोणता, तर चुन्याचा हात! पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा बहुतांश भाग परत देते. काळपट भिंत जवळजवळ सगळाच गिळून बसते. दिवसाच्या उजेडासाठी उत्तरेकडील खिडकीसारखी दुसरी खिडकी नाही. मुंबई-सोलापूरच्या जुन्या कापडगिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी त्या दातांची काच उत्तरेकडे का असे याचा विचार केला असेल. उत्तरेचा उजेड शांत असतो; त्यात उन्हाची तिरीप किंवा डोळे दिपविणारी झळाळी फारशी नसते.

प्रकाशाचा एक धोका मात्र डोळ्यांना कळत नाही. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. त्यामुळे हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना तो दिवा अखंड तेवताना दिसतो. परंतु चार जबड्यांचा चक लावलेले लेथ सेकंदाला २५ फेरे घेत असेल, तर प्रत्येक लखलखीत क्षणी तो चक बरोबर पाव फेरा पुढे गेलेला असतो, आणि फिरते यंत्र स्थिर भासते. स्थिर समजून पुढे केलेला हात मग परत पूर्ववत होत नाही. म्हणून फिरत्या यंत्राजवळ न फडफडणारा, चांगल्या प्रतीचा दिवा लावण्यात काटकसर करू नये. दिव्यांची आणि यंत्रांची वायरिंगही वेगवेगळी असावी. यंत्राचा भार जास्त होऊन वीज तुटली तरी फिरत्या पात्यासमोर अंधार होता कामा नये. पक्के अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच, या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी व्हाव्यात.

प्रकाशानंतर मांडणी. तिचा आरंभ हत्यारे विकत घेण्याने होत नाही, तर खोली रिकामी करण्याने होतो. सारे सामान अंगणात काढून, जे वर्षभर हाताळले गेले नाही त्याला निरोप द्यावा. मोडक्या पाळण्याशी आठवणी जडलेल्या असतात, हे खरे. पण आठवणींना माळा पुरतो, त्यांच्यासाठी कर्मशाळा अडवू नये. गॅरेजची जमीन पाणी वाहून जावे म्हणून दाराकडे उतरती असते. म्हणून बाकाच्या पायांखाली पाचरी देऊन ते पाणसळीने समपातळीत आणावे. बाकाची उंची माणसागणिक ठरते. त्यावर बसविलेल्या व्हाइसचा वरचा काठ उभ्या माणसाच्या कोपराशी आला, तर कानस चालविताना पाठ वाकत नाही. नवशिका अवघडतो तो पुष्कळदा कामाने नव्हे, बाकाच्या उंचीने.

बाकासमोरच्या भिंतीवर एक फळी ठोकून करवत, गुण्या, पटाशी, पक्कड, पाने हे सर्व टांगावे, आणि प्रत्येकाभोवती रंगाने त्याची आकृती काढावी. ही युक्ती बालिश वाटते. परंतु संध्याकाळी एका दृष्टिक्षेपात कोणते हत्यार परतले नाही हे तीच सांगते. ज्या पटाशीचा शोध घेण्यात अर्धा तास जातो, तिने अर्ध्या तासाचे काम हिरावलेले असते. आणि शोधून चिडलेला माणूस ती सापडल्यावर घाईने वापरतो, हे त्याहून वाईट. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्याआधी पोलादावर तेलाचा पातळ हात फिरविला नाही, तर श्रावणात गंजाचे फूल उमलतेच.

हवेचाही विचार हवा. लाकडाची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तिची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. नाकावर रुमाल बांधणे पुरे नाही. योग्य मुखपट्टी आणि धूळ ओढून घेणारे यंत्र यांची सवय लावावी. त्याच जागेत मोटारही राहणार असेल, तर शटर बंद असताना तिचे इंजिन कधीही चालू करू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. तो सूचना न देता प्राण घेतो.

हे सारे झाल्यावर त्या खोलीत काय होते? पहिले स्टूल डुगडुगते. दुसरे थोडे कमी डुगडुगते. तिसऱ्यावर घरातील वडीलधारे माणूस शंका न घेता बसते. पंखा उघडून बसलेली मुलगी चार दिवसांनी तो फिरवून दाखविते, आणि आजवर हसणारी मंडळी दारात येऊन उभी राहतात. बाजारात नवी वस्तू मिळते, यात संशय नाही. पण मोडलेले दुरुस्त होऊ शकते हा विश्वास बाजारात मिळत नाही. लेखणी आणि रंधा यांच्यातील ती अदृश्य भिंत अशा एखाद्या उजळ खोलीतच प्रथम खचते.

खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा होते. कर्मशाळेतील पटाशीलाही त्या दिवशी झेंडूचे फूल मिळते. पण संध्याकाळी काम आटोपल्यावर ती पुसून, तेलाचा हात देऊन, आपल्या आकृतीत परत टांगणे, ही तिची खरी पूजा. आणि ती वर्षातून एकदा करून भागत नाही.