संगणकाचे ज्ञान आणि जिल्ह्याची गरज



संगणकाचे ज्ञान ही चैन नव्हे, हे आता खेड्यापाड्यांतही कोणाला पटवून द्यावे लागत नाही. २००१ साली सुरू झालेल्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावापर्यंत संगणकाचा परिचय पोहोचविला. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. तथापि, प्रमाणपत्र हाती असूनही काम मिळत नाही, अशी खंत अनेक तरुण व्यक्त करतात. तर कुशल माणूस मिळत नाही, अशी कारखानदारांची तक्रार असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

याचे कारण असे की, ‘संगणक येतो’ या शब्दांचा अर्थ गावागणिक बदलतो. हिंजवडीच्या कंपन्यांना संगणकाची आज्ञावली लिहिणारा हवा असतो. त्याच पुणे जिल्ह्यातील चाकणच्या वाहन उद्योगास सीएनसी यंत्र व यंत्रमानव हाताळणारा कारागीर लागतो. मुंबईच्या बँका व विमा कंपन्या हिशेब आणि माहितीची सुरक्षितता जाणणाऱ्यांच्या शोधात असतात. कोल्हापूरच्या ओतकाम कारखान्यांना संगणकावर सुट्या भागांचे आरेखन करणारा उपयोगी पडतो, तर इचलकरंजीत नव्या धाटणीच्या मागांची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे दुरुस्त करणाऱ्याला किंमत आहे. गडचिरोलीच्या दुर्गम भागात मोठे कारखाने मोजकेच. तेथे संगणकाचे काम मुख्यतः आपले सरकार सेवा केंद्र, ग्रामपंचायत आणि बँकेचे व्यवहार यांभोवती फिरते. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आणि २०२१ ची ई-पीक पाहणी यांमुळे ते वाढले, पण त्यावर पोट भरणारे हात थोडेच.

मागणीतील ही विषमता एका दिवसात निर्माण झालेली नाही. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालये होती. १९८८ मध्ये तेथे ‘सी-डॅक’ स्थापन झाले. जेथे शिकलेली माणसे, तेथे उद्योग आणि जेथे उद्योग, तेथे शिकू इच्छिणारी माणसे, असे हे चक्र आहे. त्याबाहेर राहिलेल्या जिल्ह्यातून हुशार मुले निघून जातात आणि अंतर अधिकच वाढते.

यावर उपाय कोणता? पाया सर्वत्र एकच असावा. त्यावरील शिक्षण मात्र परिसरातील उद्योगांना विचारून ठरवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यांनी वर्षातून एकदा जवळच्या औद्योगिक वसाहतीत फेरी मारावी. पंचायत सदस्यांनी नवा वर्ग उघडण्यापूर्वी गावातील दूध संघ, साखर कारखाना, पतसंस्था यांना कोणते काम येणारा माणूस हवा आहे, याची यादी करावी. एवढ्यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही.

मात्र, एक सावधगिरी बाळगली पाहिजे. स्थानिक गरज म्हणजे स्थानिक कुंपण नव्हे. भामरागडच्या मुलीला आज्ञावली शिकण्याची इच्छा असेल, तर ‘येथे त्याला मागणी नाही’ असे सांगून तिची वाट अडविण्याचा अधिकार कोणालाही नाही. गावात राहू इच्छिणाऱ्याला गावात काम मिळावे आणि बाहेर जाऊ इच्छिणाऱ्याने ताठ मानेने जावे, हीच खरी कसोटी होय. शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांनी मनावर घेतले, तर ती पार करणे अवघड नाही.