ओझे वाटून घेणारी गाडी



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, आरोग्य अशा विषयांवर बोलायला विद्वान मंडळी येतात. मी कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते कारखान्याच्या दारात, वाचनालयाच्या बाकावर आणि यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांतून शिकलो. म्हणून विषयही त्याच वाटेवरचा घेतला आहे : लष्करासाठी जन्मलेली जीपगाडी आणि तिची रचना. मेडशीच्या लोकांना हा विषय परका वाटू नये. पातूरचा घाट आपल्या दाराशी आहे, पावसाळ्यातली काळी माती आपल्या पायाशी आहे, आणि काळ्या-पिवळ्या जीपांत आपण सगळेच कधी ना कधी बसलो आहोत.

ही गाडी घाईत जन्मली. 1940 च्या उन्हाळ्यात युरोपातले युद्ध पेटलेले असताना अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मागणी काढली. 135 कारखानदारांना विचारणा झाली आणि 49 दिवसांत नमुना हजर करण्याची अट घातली गेली. बँटम नावाच्या एका लहान, डबघाईला आलेल्या कंपनीने ते आव्हान घेतले. कार्ल प्रोब्स्ट या इंजिनियरने काही दिवसांत आराखडा उभा केला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी पहिली गाडी सैन्याच्या ताब्यात गेली. पुढे विलीज कंपनीचे 60 अश्वशक्तीचे इंजिन सरस ठरले आणि मोठे काम विलीज व फोर्ड यांच्याकडे गेले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या बांधल्या. एकीचा सुटा भाग दुसरीला बसावा, हा त्यामागचा दंडक होता. रणांगणात दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता येई.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चिखलात गाडी फसते म्हणजे काय होते? बैलगाडीचा विचार करा. तिथे ओढणारे बैल पुढे असतात आणि चाके आसावर मोकळी फिरतात. मोटारीला बैल नाहीत. तिला स्वतःच्याच चाकांनी जमीन मागे लोटून पुढे जावे लागते. चाक जमिनीला किती धरील, हे त्या चाकावर किती वजन आहे आणि जमीन कशी आहे यावर ठरते. साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. म्हणजे गाडीचे जवळजवळ निम्मे वजन कामाला लागते आणि उरलेले निम्मे नुसते वाहून न्यावे लागते. चारही चाकांना ताकद दिली की सगळे वजन कामाला लागते. जीपचे पहिले रहस्य एवढेच आहे. ती दांडगी म्हणून चिखलातून निघत नाही. तिच्यात बसून खाणारे चाक नाही, म्हणून ती निघते.

ही वाटणी ट्रान्सफर केस नावाची पेटी करते. इंजिनाची ताकद क्लच आणि गिअरपेटीतून तिच्यात येते. तिथून एक दांडा मागच्या ॲक्सलकडे जातो, दुसरा पुढच्या ॲक्सलकडे. ॲक्सलच्या पोटात डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते आणि आतले कमी. दोघांना आपापल्या वेगाने फिरता यावे म्हणून ही सोय. पण तिचा एक दोष आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना ओढ सारखी देते, मात्र किती द्यायची हे कमजोर चाक ठरवते. पंगतीत सर्वांना सारखे वाढायचे, पण किती वाढायचे ते सर्वांत कमी जेवणाऱ्याला विचारून, असा तो प्रकार आहे. एक चाक गाऱ्यात गरगर फिरू लागले की कोरड्या जमिनीवरच्या त्याच्या जोडीदारालाही तेवढीच क्षीण ओढ मिळते. म्हणूनच पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके एकदम घसरली, तर चार चाकांची जीपही जागच्या जागी उभी राहते. ‘फोर व्हील आहे, कुठेही जाईल’ असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

पुढची चाके आणखी एक अडचण उभी करतात. त्यांना फिरायचेही असते आणि वळायचेही असते. साध्या सांध्याने वाकवलेला दांडा एका फेऱ्यात दोनदा भरभर आणि दोनदा हळू फिरतो. मग चाकाला झटके बसतात आणि स्टेअरिंग हातात थरथरते. यावर पोलादी गोळ्यांचा सांधा निघाला. गोळ्या दोन वाट्यांमध्ये अशा बसवतात की दांडा कितीही वाकला तरी त्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात आणि गती एकसारखी पोचते. अशा सांध्याला केसाएवढी चूक चालत नाही. आराखडा कागदावर कितीही सुंदर असला, तरी त्या गोळीची गोलाई शेवटी घासणाऱ्या कामगाराच्या हातात आणि नजरेत होती, हे विसरू नये.

आता डांबरी रस्त्याची गोष्ट. वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळावर जातात, मागची लहान वर्तुळावर. जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल जोडला की दोघांना सारख्याच वेगाने फिरणे भाग पडते. मातीत चाक थोडे घसरते आणि ताण मोकळा होतो. डांबरावर चाक घसरत नाही. मग तो ताण दांड्यांत आणि गिअरच्या दातांत साठतो, टायर झिजतात आणि दांडी काढू म्हटले तर निघत नाही. जुने ड्रायव्हर अशा वेळी गाडी थोडी मागे घेतात, ते याचसाठी. सक्त रस्त्यावर चारही चाके जोडू नयेत, हा नियम पुस्तकातला नाही, लोखंडाचा आहे.

जीपच्या मजल्यावर तीन दांड्या असत. एक नेहमीच्या गिअरची, दुसरी पुढचा ॲक्सल जोडण्याची आणि तिसरी हलक्या गिअरची. हलका गिअर म्हणजे वेग कमी, ओढ जास्त. पहिल्या गिअरमध्ये तो लावला की चाकाचा एक फेरा होईपर्यंत इंजिनाचे पंचवीस-सव्वीस फेरे होतात. पायी चालणाऱ्याच्या वेगाने गाडी चढ चढते. पण रचनाकारांनी तिथे एक अटकाव ठेवला होता. पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय हलक्या गिअरची दांडी पडतच नसे. कारण काय? हलक्या गिअरने ओढ जवळजवळ दुप्पट होते. ती सगळी एकट्या मागच्या ॲक्सलवर पडली तर तो मोडेल. जास्त जोर हवा असेल तर आधी ओझे वाटून घ्या, मगच जोर मिळेल, असे त्या लोखंडाला शिकवून ठेवले होते. मंडळी, मी संघटनेचा माणूस आहे. यंत्रशास्त्रात इतके समंजस वाक्य मी दुसरे वाचलेले नाही.

आपल्याकडे ही गाडी मुंबईमार्गे आली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा यांनी गुलाम महंमद यांच्यासह 1945 मध्ये कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. सुरुवातीला माझगावला परदेशी सुट्या भागांतून जीपा जोडल्या जात. हळूहळू भाग इथेच घडू लागले. उंच बॉनेटची सीजे-3बी आपल्या डोळ्यांत बसली ती याच काळात. तिचे बॉनेट शोभेसाठी उंच नव्हते. नव्या इंजिनाचे आत जाणारे व्हॉल्व्ह डोक्यावर आले, म्हणून इंजिन उंच झाले आणि झाकणही वर गेले. अमेरिकेत ही गाडी 1968 मध्ये बंद झाली, पण तिचा वंश आपल्याकडे पुढे कित्येक दशके सैन्यात, जंगलखात्यात आणि तहसील कचेरीत राबत राहिला.

आणि तोच वंश काळी-पिवळी होऊन आपल्या रस्त्यांवर आला. इथे मला जरा कडू बोलायचे आहे. मूळ जीप पाव टनाची गाडी म्हणून आखलेली होती. दोन ॲक्सलमधले अंतर 80 इंच, डाव्या-उजव्या चाकांमधले सुमारे 49 इंच. दगडधोंडे खालून जावेत म्हणून पोट उंच, आडवाटेत शिरावी म्हणून अंग अरुंद. उंच आणि अरुंद वस्तू वळणावर कलंडते, हे तांब्याभांड्यांवरूनही कळते. पुढे प्रवाशांसाठी सांगाडा लांबवला आणि पाटे जाड केले हे खरे. परंतु त्यातल्या बहुतेक गाड्यांत पुढचा ॲक्सल ओढीचा नसतो. दिसायला जीप, कामाला दोनच चाके. तिच्यात पंधरा माणसे बसली तर साठ किलोच्या हिशेबाने नऊशे किलो होतात. त्यात टपावर पोती आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरे. वजन वर गेले की तोल वर जातो. मागे गेले की पुढची चाके हलकी होतात आणि नेमक्या घाटातल्या वळणावर स्टेअरिंग ऐकत नाही. उतारावर ब्रेकला ते सगळे वजन आवरावे लागते, आणि ब्रेकचा हिशेब आर. सी. बुकातल्या आसनसंख्येवर केलेला असतो.

दोष एकट्या ड्रायव्हरवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. गाडीचा हप्ता किंवा मालकाचे रोजचे भाडे त्याच्या मानेवर असते. दहा माणसांत डिझेल निघते, चूल पेटत नाही. रात्री बस नाही, दवाखाना गाठायचा आहे, म्हणून अकरावा माणूसही हात दाखवतो. म्हणजे वाहतुकीचे सगळे ओझे एका माणसावर आणि एका ॲक्सलवर येऊन पडले आहे. जुन्या जीपमध्ये अशा वेळी दांडीच पडत नसे. रस्त्यावर तसा अटकाव लोखंड करणार नाही. तो आपल्यालाच करावा लागेल. वेळेवर बस मागणे, लोंबकळायला नकार देणे, ड्रायव्हरला पोटापुरते भाडे मिळेल हे पाहणे, ही त्या अटकावाचीच कामे आहेत.

एक सूचना करतो आणि थांबतो. आसपासच्या गॅरेजांतून भंगारात निघालेली एखादी ट्रान्सफर केस आणि एक डिफरन्शियल मिळवा. शाळेच्या पटांगणात ती उघडून ठेवा आणि एखाद्या मिस्त्रीला मानाने बोलावून मुलामुलींना समजावून सांगायला लावा. हाताने एक चाक धरून दुसरे फिरवले की जे तासभराच्या व्याख्यानात कळत नाही ते क्षणात कळते. यातली काही मुले गाड्या चालवतील, काही दुरुस्त करतील, आणि बसणार तर सगळीच आहेत. ज्या यंत्रावर जीव सोपवायचा त्याला किती सोसते, हे जाणून घेण्याचा हक्क त्या सर्वांना आहे.