हातांमागचे मन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एकीने चार शब्द बोलावेत अशी आपली प्रथा आहे, आणि यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. मी विषय निवडला आहे तो एका नियतकालिकाचा. हळदीकुंकू आणि भिशीच्या मंडळात हा विषय कशाला, असे काहीजणींना वाटेल. पण आपली स्मरणिका हेही एक नियतकालिकच आहे. ते वर्षातून एकदा निघते, एवढेच. तेव्हा त्यात काय छापावे, हा प्रश्न आपलाच आहे.

मराठीत एकट्यादुकट्याने जिद्दीने चालविलेल्या नियतकालिकांची परंपरा जुनी आहे. का. र. मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ सुरू केले आणि १९०९ मध्ये मराठीला पहिला दिवाळी अंक दिला. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढले, ते आपल्यापैकी काहीजणींनी वाचलेही असेल. याच परंपरेत ‘चिन्ह’ येते. जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार सतीश नाईक यांनी १९८७ च्या सुमारास ते दिवाळी अंक म्हणून सुरू केले. मध्ये काही वर्षे ते बंद पडले. पुन्हा निघू लागले तेव्हा चित्रकला आणि चित्रकारांचे जगणे हाच त्याचा ध्यास झाला. पाठीशी बडी प्रकाशनसंस्था नव्हती की वृत्तपत्र नव्हते. संपादकाचा हट्ट आणि वाचकांचा विश्वास, एवढ्यावर तो गाडा चालला.

या अंकाने काय केले, ते एका उदाहरणाने सांगते. वासुदेव गायतोंडे हे नाव आपल्या घरात फारसे कोणाच्या तोंडी नसते. मूळचे हे गोव्याकडचे घराणे, पण त्यांचा जन्म १९२४ साली आपल्या शेजारच्या नागपूरचा. पुढे ते मुंबईत गिरगावातल्या चाळीत वाढले, १९४८ मध्ये जे. जे. मधून बाहेर पडले, आणि नंतर दिल्लीत एका लहानशा जागेत एकटे राहिले. २००१ मध्ये ते वारले. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटींहून अधिक रुपयांना गेले, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी ठळक मथळ्यात तो आकडा छापला. दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

आकडा वाचून आपण तोंडात बोट घालतो आणि पान उलटतो. त्या आकड्यातून माणूस कळत नाही. हा गृहस्थ वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे काढीत असे. मग उरलेले दिवस तो काय करी? कोऱ्या कॅनव्हाससमोर तासन्‌तास बसून काय पाही? ब्रशाऐवजी रूळ आणि पाते घेऊन रंग का लावी? १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे मोठी चित्रे काढणे थांबले, तो काळ त्याने कसा काढला? ‘चिन्ह’ने असले प्रश्न विचारले. ज्यांनी त्यांना जवळून पाहिले, त्यांच्याकडून लिहवून घेतले, मुलाखती छापल्या, आणि अखेर २०१६ मध्ये ‘गायतोंडे’ हा ग्रंथच सिद्ध केला. बाजाराने विचारले, किती? या अंकाने विचारले, का आणि कसे? माझ्या मते सारा फरक एवढ्यात आहे.

आता भगिनींनो, मुंबई-दिल्लीवरून जरा आपल्या भंडाऱ्याकडे येऊ.

आपला जिल्हा तांदळाचा, तलावांचा, पितळेच्या भांड्यांचा आणि कोशाच्या कापडाचा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे वाढतात. त्यांना पाखरांपासून जपण्यासाठी आमचे ढिवर बांधव रानात राखण करतात. कोसे उकळून त्यांचा धागा काढायचा. जुन्या पद्धतीत हे काम बायका मांडीवर धागा वळून करीत. मग मोहाडी, आंधळगाव, पवनी इकडच्या मागांवर तो धागा चढतो. करवती काठाच्या साडीला काठाचे धोटे वेगळे, अंगाचा धोटा वेगळा. काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवीत न्यायचे, तेव्हा कुठे ते करवतीचे दाते उमटतात. एक फेर चुकला की डोळ्याला लगेच खुपते.

ही साडी आपण लग्नात नेसतो, वाखाणतो, आणि किंमत विचारतो. विणणाऱ्याचे नाव कोण विचारते? आणि त्याच्यामागे बसून कांड्या भरणाऱ्या बाईचे तर विचारूच नका. हिशेबाच्या वहीत बहुधा मजुरी विणकराच्या नावे पडते, तिचे श्रम घरकामात जमा होतात.

आमच्या आळीत विणकर घराण्यातल्या एक आजी आहेत. मी त्यांना एकदा सहज विचारले की, इतकी वर्षे कांड्या भरताना मनात काय चालते? त्या आधी हसल्या. असे कोणी विचारलेच नव्हते, म्हणाल्या. मग तासभर बोलत राहिल्या. धागा बोटाला लागला की तो कोणत्या मोसमातला, हे त्यांना न पाहता कळते. हे ज्ञान त्यांच्या सासूचे. पुढे द्यायला घरात कोणी नाही, कारण नातवंडे नागपूरला नोकरीला. त्यात वाईट काही नाही, मुलांनी पुढे जावेच. पण त्या बोटांना जे कळते, ते आजींबरोबर निघून जाईल, आणि आपण मात्र त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो!

तीच गोष्ट पितळेला ठोके देणाऱ्या कारागिराची, आणि मंडईच्या रात्री दंडारीत उभ्या राहणाऱ्या गड्याची. दिवसभर धानाच्या बांधीत राबून रात्रभर नाचायला त्याला कसले बळ मिळते? पैसा म्हणावा तर तो फार नसतो. काहीतरी आतून ओढते, म्हणून तो उभा राहतो. ती ओढ लिहून ठेवण्याजोगी आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढील वर्षापासून स्मरणिकेतील चार पाने आपल्या गावच्या एका कारागिराला किंवा कलावंताला द्यावीत, आणि आरंभ एखाद्या बाईपासून करावा. दोघीजणींनी तिच्या घरी जावे, आणि एकदाच नव्हे, दोन-तीनदा जावे. पहिल्या दिवशी कमाईचा विषय काढू नये. हत्यारांची, रंगांची, धाग्यांची नावे ती जशी उच्चारील तशीच, आपल्या झाडीबोलीत लिहावीत, पुस्तकी करू नयेत. लिहिलेले तिला वाचून दाखवावे, आणि तिने हो म्हटल्यावरच नावासकट छापावे.

खजिनदारबाई म्हणतील, चार पाने म्हणजे चार जाहिराती गेल्या, आणि छपाईचा खर्च तर दरवर्षी वाढतो. त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यावर माझे उत्तर इतकेच की, ‘चिन्ह’सारखा अंक वाचकांच्या बळावर उभा राहिला, तर आपली चार पाने आपल्या बळावर का राहू नयेत? प्रत्येकीने वर्गणीत थोडी भर घालावी. माझी भर मी आजच खजिनदारबाईंकडे देत आहे.

अध्यक्षाबाईंनी ही सूचना येत्या सभेपुढे ठेवावी, अशी त्यांना विनंती करते.