शर्यतीतून निवृत्त झालेले श्वान
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



इंग्लंडातील माझ्या दीर्घ वास्तव्याविषयी या संमेलनात चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. तेथील आपल्या मुलांचे शिक्षण, नोकऱ्या आणि विवाहसंबंध यांविषयी मी बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. मी विषय कळविला तो कुत्र्यांचा. त्यावर त्यांनी उलट पत्र धाडून, भाषण विनोदी आहे काय, अशी पृच्छा केली. तसे ते नाही. या विषयाचे माझ्याकडे काही देणे आहे, म्हणून मी तो निवडला.

मँचेस्टरला गेल्यानंतर दोनतीन वर्षांनी, कचेरीतील सहकाऱ्यांच्या आग्रहास्तव मी प्रथम कुत्र्यांची शर्यत पाहिली. विजेच्या दिव्यांनी उजळलेले लंबवर्तुळाकार मैदान, कडेने यंत्राच्या साह्याने धावणारा खोटा ससा, आणि एका ओळीतील सहा पेट्यांतून एकाच क्षणी सुटणारे सहा कुत्रे. प्रत्येकाच्या अंगावर ठरलेल्या रंगाची झूल असते. तांबडी, निळी, पांढरी, काळी, पाचव्याची नारिंगी आणि सहाव्याची काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची. मला कुत्र्यांतले काहीच कळत नव्हते. नारिंगी म्हणजे आपला भगवा, एवढ्याच निमित्ताने मी पाचव्यावर दोन पौंड लावले. पहिल्या वळणावर तो दुसऱ्यावर आदळून कोलमडला. उठला तेव्हा मागचा उजवा पाय अधांतरी लोंबत होता. दोघांनी त्याला उचलून आत नेले, आणि अर्ध्या मिनिटात शर्यत संपलीही. माझ्या मुखातून हळहळ निघाली ती दोन पौंडांसाठी. त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही. आज इतक्या वर्षांनंतर विचारावयाचे म्हटले तरी विचारणार कोणाला?

ज्यांनी सोलापूर-लातूरकडचा कारवानी किंवा मुधोळचा कुत्रा पाहिला असेल, त्यांना ग्रेहाउंडची कल्पना सहज येईल. तीच खोल छाती, तेच आत ओढलेले पोट आणि तोच निमुळता चेहरा. ताशी पासष्ट किलोमीटरांच्या आसपास वेगाने तो धावतो. खऱ्या सशामागे कुत्रे सोडण्याचा खेळ इंग्लंडात जुनाच होता. परंतु अमेरिकेत यांत्रिक सशाचा शोध लागला आणि तो खेळ शहरात आला. इंग्लंडातील अशी पहिली शर्यत मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर २४ जुलै १९२६ रोजी झाली. त्या दिवशी सुमारे १,७०० प्रेक्षक होते. पुढे काही आठवड्यांतच ही संख्या दहा हजारांपलीकडे गेली. गिरणीकामगाराला घोड्याची शर्यत दूर आणि महाग. ही मात्र दिवसाचे काम आटोपून, घराजवळच पाहता येई. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे डर्बी जिंकणारा 'मिक द मिलर' हा कुत्रा इतका लोकप्रिय झाला की, मृत्यूनंतर त्याचा देह पेंढा भरून संग्रहालयात ठेवण्यात आला. ट्रिंग येथे तो आजही पाहावयास मिळतो.

कुत्र्याचे आयुष्य मात्र बारा वर्षांपर्यंतचे आणि शर्यतीची कारकीर्द फार तर चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंतची. वळणावर सारा भार ठराविक पायावर येत असल्याने मागील उजव्या पायाचा घोटा मोडणे ही नित्याची दुखापत. म्हणजे अर्ध्याहून अधिक आयुष्य शिल्लक असतानाच तो निरुपयोगी ठरतो. मग हे हजारो कुत्रे जातात कोठे?

या प्रश्नाचे उत्तर अगोदरपासून अनेकांना ठाऊक असेलही. जगाला ते उघडपणे कळले जुलै २००६ मध्ये. 'संडे टाइम्स' या पत्राने असे प्रसिद्ध केले की, डरहॅम परगण्यातील सीहॅम गावी एक मनुष्य पंधरा वर्षे निवृत्त ग्रेहाउंड मारून आपल्या जमिनीत पुरत होता. कुत्र्यामागे दहा पौंड घेई. आणि पत्राच्या अंदाजाप्रमाणे ही संख्या दहा हजारांच्या घरात होती. पुढे त्याला न्यायालयात दंड झाला, परंतु आरोप होता तो परवान्यावाचून जमिनीत कचरा पुरल्याचा. मारणे हा त्या वेळी गुन्हाच नव्हता! ते वृत्त मी सकाळच्या चहाबरोबर वाचले, आणि मला ती नारिंगी झूल आठवली.

सर्वच मालक निर्दय असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपला कुत्रा अखेरपर्यंत घरी सांभाळणारे मालक मी पाहिले आहेत. आणि १९७५ पासून निवृत्त ग्रेहाउंडांना घरे मिळवून देणारा एक विश्वस्तनिधीही तेथे कार्य करीत आला आहे. सीहॅमच्या प्रकरणानंतर २०१० साली इंग्लंडात नियम झाले. मैदानावर पशुवैद्य हवा, प्रत्येक कुत्र्याची ओळख नोंदलेली हवी, दुखापतींची नोंद हवी. २०२० मध्ये शर्यतमंडळाने प्रत्येक कुत्र्यामागे ४०० पौंडांची ठेव सुरू केली. निम्मी मालकाची, निम्मी मंडळाची. कुत्रा निवृत्त झाला की ती रक्कम त्याला घर शोधून देणाऱ्या संस्थेस मिळावयाची. माझ्या मते या साऱ्यांत हीच व्यवस्था शहाणपणाची; कारण निवृत्तीचा खर्च शर्यतीच्या पहिल्या दिवशीच हिशेबात धरला जातो.

त्या वृत्तानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही साडेचार वर्षांचा एक कुत्रा घरी आणला. दोन्ही कानांत गोंदलेली अक्षरे होती, म्हणजे जन्म आयर्लंडचा. रंग काळाकुट्ट, तरी माझ्या आईने त्याचे नाव मोत्याच ठेवले. आई तेव्हा आमच्याकडे राहावयास आली होती. तिचे सोवळे कडक. कुत्रा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर राहील, या अटीवर तिने संमती दिली.

जन्मापासून श्वानशाळेत वाढलेल्या या प्राण्याने घर म्हणून पाहिलेलेच नसते. काचेच्या दारावर त्याने पहिल्याच दिवशी नाक आपटून घेतले. जिना म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. तळाशी उभा राहून तो थरथर कापे. तेव्हा मी त्याचा एकेक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवी, आणि आई वरच्या टोकाला चपातीचा तुकडा घेऊन बसे. आठ दिवस लागले. इतका वेगवान प्राणी घरात कमालीचा आळशी असतो, हे मात्र कोणी सांगितले तरी खरे वाटत नाही. दिवसाचा बहुतेक काळ तो झोपून काढी.

काही गोष्टी आम्ही चुका करून शिकलो. झोपेत त्याला एकाएकी स्पर्श करू नये. जवळ कोणी निजण्याची सवय नसल्याने तो दचकून तोंड टाकतो. लहान मुलांना हे प्रथम शिकवावे. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. म्हणून थंडीत झूल हवीच. मांजर किंवा ससा दिसल्यास तो कोणाचा राहत नाही. म्हणून बाहेर नेताना साखळी, आणि आरंभी मुसकेही आवश्यक. भूल देण्याच्या काही औषधांचा अंमल त्याच्यावर प्रमाणाबाहेर राहतो, हे पशुवैद्याला आठवण करून द्यावे. उलटपक्षी त्याच्या रक्तात तांबड्या पेशी अधिक, आणि पुष्कळदा ते रक्त इतर कोणत्याही कुत्र्यास चालते. कित्येक निवृत्त ग्रेहाउंड रक्तदान करून इतरांचे प्राण वाचवितात. मान उंच असल्याने ओटा त्याच्या टप्प्यात येतो. एका पाडव्यास त्याने श्रीखंडाचे पातेले चाटूनपुसून स्वच्छ केले. श्रीखंडात बेदाणे होते, आणि बेदाणे कुत्र्याला विषासमान! रात्री पशुवैद्याकडे धावलो. त्या रात्री आई देवापुढे बसून होती. पहाटे मोत्याला घेऊन परतलो, तेव्हा उंबऱ्याची अट तिने स्वतःच मोडली. कांदा आणि लसूणही त्यास वर्ज्य, हे आपल्या घरांनी विशेष ध्यानात ठेवावे.

शर्यत बंद केली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. मकावचे मैदान २०१८ मध्ये बंद झाले, तेव्हा पाचशेहून अधिक कुत्रे तेथे मागे उरले. प्राणिमित्रांनी देशोदेशी घरे शोधून ते पाठविले. फ्लॉरिडात त्याच वर्षी सुमारे ६९ टक्के मतदारांनी बंदीचा कौल दिला, आणि तयारीसाठी २०२० अखेरपर्यंत अवधी ठेवला. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये ३१ जुलै २०२६ ही अखेरची मुदत जाहीर केली. तेव्हा सुमारे २,९०० कुत्र्यांना घरे लागतील असा अंदाज होता.

आपल्याला यात परके असे काय आहे? मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी आणि हिंदू मंडळींनी दंगा केला. १८३४ मध्ये पांजरपोळ उभी राहिली ती त्यानंतरच. आणि आपल्या गावाकडील बैलगाडा शर्यती २०१४ ची बंदी ओलांडून डिसेंबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाल्या. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा कायदा ग्राह्य धरला. घाटात पहिला आलेल्या बैलावर गुलाल उधळताना मीही उभा राहिलो आहे. तो बैल थकल्यावर कोणाच्या दावणीला असतो, हे येथे जमलेल्या गाडामालकांनी मला सांगावे. मी ऐकण्यास उत्सुक आहे.

मोत्या आमच्याकडे सात वर्षे राहिला. आपली जी कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडमध्ये स्थायिक आहेत, त्यांच्यापैकी कोणास असा कुत्रा घरी आणण्याची इच्छा असल्यास, त्यांच्या आप्तांनी भोजनापूर्वी मला भेटावे. अर्ज कसा करावयाचा, घरात काय तयारी करावयाची, हे मी लिहून आणले आहे.