दूरध्वनीवरचा संवाद



आपल्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील बांशी गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांसाठी मोबाइलबंदीचा ठराव केला. त्यामागची तळमळ मला समजते. परंतु ज्यांची मुले शिक्षणार्थ परगावी आहेत, त्यांनी काय करावे?

माझा नातू लातूरला शिकतो. रात्री दुकान वाढविले की मी त्याला फोन करीत असे. “जेवलास का? पेपर कसा गेला? गुण किती?” तो “हो”, “बरा” एवढेच बोले. माझा सूर उधारी वसूल करणाऱ्या मुनिमाचा होता, हे फार उशिरा उमगले.

एके रात्री मी काहीच विचारले नाही. उमेदीच्या काळात पावसात भिजलेल्या गाठींमुळे आलेला तोटा मी वडिलांपासून महिनाभर कसा लपविला, ते सांगत बसलो. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, “आजोबा, माझ्या दोन चाचण्या बिघडल्या आहेत. पप्पांना सांगितलेले नाही.”

रागाचे शब्द ओठांवर आले होते, खोटे कशाला बोलू! पण गिळले. त्या रात्री आम्ही पाऊण तास बोललो. पुढच्या आठवड्यात त्याने वडिलांना स्वतःच फोन केला.

आता मलाही तोच फोन करतो, बहुधा मी हिशेबाला बसलो असतानाच. मी वही मिटतो.