घरातली प्रार्थना



आपल्या मुलांना देवाची ओळख कोण करून देणार? पुष्कळ जण म्हणतात, "पाळकसाहेब आहेत की! रविवारची शाळा आहे." खरे आहे. पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो. बाकीचे सहा दिवस मूल तुमच्याजवळ असते.

पवित्र शास्त्रातला तीमथ्य तुम्हांला माहीत आहे. त्याचा बाप ग्रीक होता. पण आजी लोईस आणि आई युनीके या विश्वास धरणाऱ्या बाया. हाच विश्वास तुझ्यातही आहे, असे पौल त्याला पत्रात कळवतो. म्हणजे शिदोरी घरूनच मिळालेली!

कोणी म्हणेल, "आम्ही अडाणी माणसं, काय शिकवणार?" अहो, आता तुम्ही वाचता! पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. साध्या बायाबापड्यांना ते कळावे, एवढ्यासाठी. १९२२ साली त्या वारल्या. शेवटपर्यंत त्या याच कामात होत्या.

तेव्हा रात्री जेवणे झाली, की दहा ओळी वाचा. अडखळलात तर शाळेत जाणारी पोर शब्द लावून देईल. तिलाही बरे वाटेल. मग थोडी प्रार्थना. फार लांबवू नका, पोरे पेंगतात! मुलालाही प्रार्थना करू द्या. "देवा, आमची शेळी बरी कर," असे तो म्हणाला तर हसू नका.

पण रात्री प्रार्थना आणि सकाळी बाजारात मापात मारायचे, हे मूल बघत असते. बाप पिऊन आला, आईवर हात टाकला, तेही बघते. मग शास्त्रातले प्रेम त्याला खरे कसे वाटावे? रागाच्या भरात मुलाला उगाच मारले असेल, तर त्याची माफी मागा. बापाने मुलाची? होय, बापानेच.

कधी मूल विचारते, "आजीसाठी एवढी प्रार्थना केली, मग ती का गेली?" त्याला दटावू नका. उत्तर येत नसेल, तर "मला ठाऊक नाही रे बाळा," म्हणा. त्याला जवळ घ्या. येशूही लाजराच्या कबरेपाशी रडला होता, हे त्याला सांगा.

सुरुवात कुठून करावी? लूकचा पंधरावा अध्याय काढा. त्यात हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे. मेंढरू हरवले म्हणजे काय, हे आपल्या पोरांना सांगावे लागत नाही.